कोळ्यावर इव्हो-डेव्हो सुरू करताय? जीनच्या आधी अंडं ओळखायला शिका

इव्हो-डेव्हो म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांचे भ्रूण कसे वाढतात याची तुलना करून उत्क्रांती समजून घेणं. कोळ्याच्या लॅबमध्ये नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, जीन कधी बंद करायचा? उत्साह समजू शकतो, पण माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी नॉर्मल अंडं रोज कसं बदलतं ते डोळ्यांत बसू द्या. ज्याला नॉर्मल ओळखता येत नाही त्याला बिघडलेलंही ओळखता येत नाही, आणि या क्षेत्रातलं निम्मं काम म्हणजे बिघडलेला भ्रूण बघून नेमकं काय बिघडलंय ते सांगणं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो जरा संथ वाटेल, वाटू द्या.

मुळात कोळीच का हे आधी थोडक्यात सांगतो. ड्रोसोफिला फळमाशीवर इतकं काम झालंय की सांधेपाद प्राण्यांचा (कीटक, कोळी वगैरे) भ्रूण म्हणजे माशीचा भ्रूण असंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, पण माशी तशी एकदम वेगळ्याच वाटेने गेलेली आहे. तिच्या अंड्यात सुरुवातीला पेशी वेगळ्या करणारे पडदेच नसतात, हजारो केंद्रकं एकाच सायटोप्लाझममध्ये असतात, त्यामुळे बायकॉइडसारखं प्रोटीन एका टोकाकडून पुढे पसरत जातं आणि शरीराचे सगळे खंड जवळजवळ एकदम आखले जातात. कोळ्यात पेशी खूप लवकर वेगळ्या होतात, आणि पोटाकडचे खंड मागच्या टोकाच्या वाढीच्या भागातून एकामागून एक तयार होतात. 2003 मध्ये क्युपिएनियस सालेई या मोठ्या भटक्या कोळ्यात दाखवलं गेलं की या कामात नॉच आणि डेल्टा हे जीन लागतात, म्हणजे आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मणक्यांचे खंड पाडताना जी यंत्रणा असते तिच्या जवळचं काहीतरी. आता हे एकाच पूर्वजाकडून दोघांना आलं की दोन वेळा स्वतंत्रपणे तयार झालं यावर वाद आहे, पण नुसती माशी बघत बसलो असतो तर हा प्रश्न पडलाच नसता. कोळी, विंचू, गोचीड यांचा गट आणि कीटकांचा गट 50 कोटी वर्षांपेक्षा आधी वेगळे झाले, त्यामुळे दोघांत जे सारखं सापडतं ते फार जुनं असण्याची शक्यता असते.

प्राणी कुठला घ्यायचा

इथे फार विचार करू नका, पॅरास्टिआटोडा टेपिडॅरिओरम घ्या. घराच्या कोपऱ्यांत विस्कटलेलं जाळं करणारा हा छोटा तपकिरी कोळी, मादी 5-6 मिलिमीटर, नर त्याहून लहान. जुन्या पेपरमध्ये याचं नाव अकिअरॅनिया टेपिडॅरिओरम असं आहे, प्राणी तोच, शोधताना दोन्ही नावं टाका नाहीतर सुरुवातीचं महत्त्वाचं काम हाताला लागणारच नाही. क्युपिएनियस देखणा आहे, मोठा आहे, मज्जासंस्थेच्या अभ्यासात त्याचं मोठं नाव आहे, 1998 चं कोळ्यातल्या हॉक्स जीनचं (शरीराच्या कुठल्या खंडावर काय येणार हे ठरवणारे जीन) काम त्याच्यावरच झालं, पण तो वाढायला वेळ घेतो आणि जागाही जास्त खातो. पॅरास्टिआटोडाची पिढी साधारण तीन महिन्यांत होते, एकदा मिलन झालं की मादी काही दिवसांच्या अंतराने ककूनमागून ककून (अंड्यांची पिशवी) देत राहते, एकेका ककूनमध्ये शंभराच्या वर अंडी, जीनोम 2017 पासून उपलब्ध. नवशिक्याला अजून काय पाहिजे.

कॉलनी सांभाळणं

हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक ज्युनियरवर ढकलतात आणि मग प्रयोगाच्या दिवशी ककूनच नसतो. प्रत्येक कोळ्याला वेगळी बाटली, हा नियम पक्का, कारण हे एकमेकांना खातात. बाटलीचं तोंड फोमच्या बुचाने बंद करा, तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा तसंच ओल धरणारं काहीतरी, तापमान 25 अंश, 16 तास उजेड आणि 8 तास अंधार. पाणी म्हणजे जाळ्यावर अधूनमधून बारीक तुषार, एवढंच. चिंब केलं तर बुरशी येते, आणि बुरशी एका बाटलीत आली की शेजारच्या बाटल्याही तपासा.

खायला पिल्लांना फळमाश्या, शक्यतो उडता न येणाऱ्या, म्हणजे झाकण उघडल्यावर अर्धी लॅब माश्यांनी भरत नाही. मोठ्या माद्यांना छोटे क्रिकेट, म्हणजे रातकिडे, चालतात, पण मादीपेक्षा मोठा क्रिकेट टाकू नका आणि कात टाकत असलेल्या कोळ्याच्या बाटलीत तर काहीच टाकू नका, त्या वेळी तो इतका मऊ आणि हतबल असतो की शिकारच त्याला कुरतडते. पोट टम्म असलेली मादी चांगली अंडी देते, उपाशी मादी ककून देईल पण त्यात अंडी कमी निघतील.

नर ओळखायला तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांकडे बघा, म्हणजे पेडिपाल्प. नराचे पेडिपाल्प टोकाला फुगलेले असतात, आणि शेवटची कात टाकल्यावर त्या फुगवट्यात गुंतागुंतीची रचना दिसायला लागते, तेव्हा तो तयार. मादीला आधी पोटभर खायला द्या, मग नर तिच्या जाळ्यात हळूच सोडा आणि दिवसभर राहू द्या. नंतर नर जिवंत सापडला तर काढून घ्या, नाही सापडला तर काय झालं ते उघड आहे. भावंडांचंच मिलन पिढ्यानपिढ्या करत बसू नका, कॉलनीत कोण कुणाचं हे बाटलीवर लिहिण्याची सवय लावा.

ककून उघडणं आणि स्टेज ओळखणं

या पायरीवर वेळ घालवा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे. ककून तपकिरी, कागदासारखा, मादीने जाळ्यातच टांगलेला असतो. ज्या दिवशी दिसला ती तारीख आणि वेळ लगेच लिहा. मादीला ब्रशने बाजूला करून ककून घ्या, बारीक चिमट्याने एका बाजूला फाडा आणि अंडी पेट्री डिशमध्ये ओतून घ्या, साधारण अर्धा मिलिमीटरचे फिकट गोळे असतात. सगळ्यात सोयीची गोष्ट अशी की एका ककूनमधली अंडी जवळपास एकाच वयाची असतात, त्यामुळे दहा-बारा अंडी हॅलोकार्बन तेलात टाकून बघितली की बाकीच्यांची स्टेजही कळते. तेलात अंड्याचं कवच पारदर्शक होतं आणि भ्रूण जिवंत असतानाच साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतो. उरलेली अंडी ओल असलेल्या बंद डिशमध्ये ठेवा, सुकली तर गेली.

स्टेजसाठी 2012 मध्ये आलेली मिटमन आणि वोल्फ यांची यादी सगळेच वापरतात, 14 स्टेज आहेत. 25 अंशाला सगळा प्रवास साधारण आठवडाभराचा. पाठ करायची गरज नाही, पण काही टप्पे असे आहेत की ते चुकले तर प्रयोगाचा अर्थच बदलतो.

सुरुवातीला केंद्रकं आत बलकात विभागतात आणि वर पृष्ठभागावर येतात. मग पेशी एका बाजूला गोळा होऊन गोल चकती तयार होते, तिला जर्म डिस्क म्हणतात. या चकतीचा मध्य म्हणजे भावी प्राण्याचं मागचं टोक आणि कडा म्हणजे डोक्याची बाजू, हे एकदा नीट समजून घ्या कारण पहिल्यांदा सगळ्यांचाच गोंधळ होतो. या वेळी भ्रूण पूर्ण गोल सममित आहे, पुढे-मागे आहे पण पाठ-पोट अजून नाही.

आणि मग येते स्टेज 5. चकतीच्या मध्यातून काही पेशींचा एक छोटा पुंजका, क्युम्युलस, वरच्या थराच्या खालून सरकत सरकत कडेपर्यंत जातो. तेलात बघितलं तर एक पांढुरका ठिपका हलताना दिसतो. तो ज्या बाजूला पोचतो ती पाठ! म्हणजे गोल सममिती मोडून दोन बाजू असलेला प्राणी इथे जन्माला येतो, तेही तुमच्या डोळ्यांसमोर. संशोधक ओके होल्म यांनी 1952 मध्ये दुसऱ्या एका कोळ्यात हा पुंजका उचलून दुसऱ्या भ्रूणात लावला तर त्या भ्रूणात दुसरा अक्ष तयार झाला होता. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जपानमध्ये ताकात्सुकी इथल्या जेटी बायोहिस्टरी रिसर्च हॉलमध्ये यासुको अकियामा-ओदा आणि हिरोकी ओदा यांनी 2003 मध्ये दाखवलं की क्युम्युलसच्या पेशी डीपीपी नावाचा सिग्नल देतात आणि वरच्या थरातल्या पेशी तो घेतात. 2006 मध्ये त्यांनी डीपीपी बंद केला तर भ्रूण गोलच राहिला, पाठ तयारच झाली नाही, आणि सॉग नावाचा विरोधी जीन बंद केला तर पोटाकडचा भाग गायब. हीच जोडी, नावं वेगळी, आपल्यातही पाठ-पोट ठरवते. माझ्या मते या प्राण्यावर नुसतं एवढंच काम झालं असतं तरी तो मॉडेल म्हणून पुरेसा होता.

स्टेज 6 ला क्युम्युलस जिथे पोचला तिथे चकती उघडते, 7 ला पट्टा होतो, मग 8-9 च्या सुमाराला खंड आणि पायांचे कोंब. कोंब मोजायला इथेच शिका, पुढून सुरुवात करून केलिसेरा (तोंडाचे नांगीसारखे अवयव), पेडिपाल्प, मग पायांच्या चार जोड्या, आणि त्यामागे पोटाचे खंड ज्यांना ओ 1, ओ 2 असं म्हणतात. ओ 2 ते ओ 5 वरही छोटे कोंब येतात बरं का, ते पाय होत नाहीत, पुढच्यांपासून श्वसनाचे अवयव आणि मागच्या दोन जोड्यांपासून रेशीम सोडणारे अवयव तयार होतात.

त्यानंतरचा इन्व्हर्जन टप्पा नवीन लोकांना हमखास चकवतो. भ्रूणाचा पट्टा पोटाच्या मध्यरेषेवर जॅकेटची चेन उघडल्यासारखा दोन भागांत सुटतो, दोन्ही भाग बलकावरून पाठीकडे सरकतात आणि शेवटी पुन्हा पोटाकडे येऊन मिटतात. मध्येच बघितलं तर भ्रूण फाटलाय असंच वाटतं. फाटलेला नाही, तसाच असतो, फिक्स करून (रसायनात टिकवून) फेनोटाइप, म्हणजे जीन बिघडल्याचा दिसणारा परिणाम, मिळाला म्हणून आनंदू नका.

माझा आग्रह असा की जीनला हात लावायच्या आधी किमान काही ककून फक्त बघण्यासाठी खर्च करा, रोज सकाळ-संध्याकाळ फोटो, शेजारी स्टेजचा अंदाज, आणि दुसऱ्या कुणाकडून तो अंदाज तपासून घ्या.

फिक्स करणं

थोडक्यात उरकतो कारण प्रत्येक लॅबचा प्रोटोकॉल थोडा वेगळा असतो. अंडी निम्म्या पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये काही मिनिटं, बाहेरचं कवच निघालं की भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. मग हेप्टेन आणि फॉर्मल्डिहाइडचं दोन थरांचं मिश्रण, काही तासांपासून रात्रभर, स्टेजनुसार. नंतर हळूहळू मिथेनॉलमध्ये नेऊन उणे 20 अंशाला ठेवता येतात. फॉर्मल्डिहाइडचं काम फ्यूम हूडमध्येच आणि हेप्टेन ज्वालेपासून लांब, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

खरी कसोटी आतल्या पातळ पडद्याची, तो ब्लीचने निघत नाही, बारीक चिमट्यांनी एकेका भ्रूणावरून हाताने सोलावा लागतो. हात स्थिर व्हायला वेळ लागतो, चहा-कॉफी पिऊन लगेच बसू नका, आणि सुरुवातीला निम्मे भ्रूण फुटले तरी चालतं, म्हणून सरावाला महत्त्वाचे नमुने घेऊ नका. त्यानंतर जीन कुठे चालू आहे हे बघायला इन सिटू हायब्रिडायझेशन (थोडक्यात इन सिटू), आणि केंद्रकांसाठी डॅपी हा चमकणारा रंग. डॅपीला कमी लेखू नका, नुसत्या डॅपीच्या फोटोत खंड, कोंब, मेलेल्या पेशी सगळं कळतं.

जीन निवडताना दोन कॉपींचा घोळ

2017 च्या जीनोमने एक मोठी गोष्ट उघड केली. कोळी आणि विंचू यांच्या समाईक पूर्वजात, 40 कोटी वर्षांपेक्षाही आधी, अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता. नंतर बऱ्याच कॉपी हरवल्या पण बऱ्याच टिकल्या, त्यामुळे कीटकांत सहसा जिथे हॉक्स जीनचा एक गट (क्लस्टर) असतो तिथे या कोळ्यात दोन आहेत, फक्त फुशी ताराझू हा जीन तेवढा एकातच उरलाय, म्हणून 10 ऐवजी 19 हॉक्स जीन. एकूण जीन सुमारे 28 हजार, माणसापेक्षा जास्त.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. माशीतल्या जीनचं नाव घेऊन शोधलं आणि जो पहिला सापडला त्यावर प्रयोग केला तर कदाचित चुकीची कॉपी घेतलेली असेल, किंवा एक बंद केल्यावर दुसरी काम सांभाळून घेईल आणि तुम्ही म्हणाल या जीनला काहीच काम नाही. आधी दोन्ही कॉपी शोधा, फायलोजेनी (जीनची वंशावळ) काढा, दोन्हींचं इन सिटू करा, कुठली कुठे चालू आहे ते बघा, मग ठरवा. आणि जीन बंद करायला टोचायचा डबल स्ट्रँडेड (दुपदरी) आरएनए असा भाग निवडून करा की दुसऱ्या कॉपीशी जुळणार नाही. त्रास वाटतो पण गंमतही यातच आहे. डाक्सहुंड या जीनची दुसरी कॉपी कोळ्याच्या पायातल्या पटेला या जास्तीच्या खंडासाठी लागते, 2016 मध्ये ती बंद केल्यावर पटेला आणि त्याच्या पुढचा खंड टिबिया जोडले गेले. म्हणजे जुन्या जीनच्या सुट्या कॉपीने नवीन काम पकडलं, उत्क्रांतीत नवा अवयव कसा येतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधूनही कमीच सापडतं.

आता जीन बंद करा

पद्धतीचं नाव पेरेंटल आरएनएआय. भ्रूणाला टोचायचं नाही, आईला टोचायचं, परिणाम तिच्या अंड्यांत दिसतो. मिलन झालेली मादी घ्या, कार्बन डायऑक्साइडने थोडा वेळ गुंगवा, काचेच्या बारीक सुईने पोटात साधारण 2 मायक्रोलिटर आरएनए सोडा, तीव्रता साधारण 2 मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने असं चार-पाच वेळा. सुई खोल घालू नका, पोटाच्या बाजूने तिरकी, काढताना थोडा द्रव बाहेर येतोच, जास्त आला तर मादी जगत नाही म्हणून एका जीनसाठी एकच मादी कधीच घेऊ नका.

परिणाम एकदम येत नाही. पहिला ककून बहुतेक वेळा नॉर्मल दिसतो, मग पुढच्या ककूनमध्ये फेनोटाइप वाढत जातो आणि नंतर पुन्हा उतरतो. म्हणून प्रत्येक ककूनचा नंबर, इंजेक्शनपासूनचे दिवस आणि त्यात किती अंडी बिघडली, किती नॉर्मल, किती मेली, हे वेगवेगळं मोजा. मेलेली अंडी फेनोटाइपमध्ये घालू नका, नॉर्मल माद्यांच्या ककूनमध्येही काही अंडी मरतातच.

कंट्रोल दोन पाहिजेत. एका मादीला जीएफपीचा (कोळ्यात नसलेला जीन) आरएनए किंवा नुसतं पाणी, म्हणजे टोचण्याचा परिणाम कळतो. आणि त्याच जीनच्या दोन वेगळ्या, एकमेकांवर न येणाऱ्या तुकड्यांनी तोच फेनोटाइप यायला हवा, नाहीतर दुसराच कुठला जीन बंद झाला असू शकतो. दुसरा कंट्रोल लोक आळसाने सोडतात, रिव्ह्यूअर मात्र सोडत नाही.

पहिला जीन कुठला

स्वतःचा नवा जीन नंतर, आधी माहीत असलेला घ्या आणि तोच निकाल तुमच्या हातून येतो का बघा. डिस्टल-लेस चांगला आहे, पाय टोकाकडून खुंटतात ते सहज दिसतं, शिवाय 2011 मध्ये लक्षात आलं की तो पुढच्या पायाचा अख्खा खंड बनवायलाही लागतो, म्हणून तीव्र परिणामात सहा पायांचे भ्रूण मिळतात. मघाशी कोंब मोजायला सांगितले ते इथे लागतं, पाय नुसता आखूड आहे की खंडच गेलाय?

दुसरा पर्याय अँटेनापीडिया. 2012 मध्ये हा बंद केल्यावर ओ 1 वर पायांची पाचवी जोडी आली, दहा पायांचा कोळी. कीटकांत पोटावरचे पाय दाबायचं काम दुसरे हॉक्स जीन करतात, कोळ्यात ते या जीनकडे आहे, म्हणजे दोघांच्या पोटावर पाय नाहीत पण ते दोघांनी वेगवेगळ्या मार्गाने घालवले. फेनोटाइप फोटोत फार छान येतो, पण भ्रूण इन्व्हर्जनमध्ये जायच्या आधी फिक्स करा, नंतर मोजणं अवघड जातं.

क्रिस्परबद्दल, म्हणजे डीएनए थेट कापून बदलण्याच्या तंत्राबद्दल, सगळेच विचारतात. कोळ्यात ते बराच काळ जमत नव्हतं, 2025 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठातून याच कोळ्यात जमल्याचं आलं, मादीच्या पोटातच इंजेक्शन देऊन, डोळ्यांच्या विकासातला सिने ऑक्युलिस जीन बिघडवला आणि रेशमात लाल चमकणारं प्रोटीनही घातलं. पण नवशिक्याने सुरुवात तिथून करू नये असं माझं मत, आरएनएआयमध्ये काही आठवड्यांत उत्तर मिळतं आणि इंजेक्शनचा हात तर दोन्हीकडे तोच लागतो. डिस्टल-लेसचे भ्रूण निघाले की काही मिथेनॉलमध्ये राखून ठेवा, बाटलीवर मादीचा नंबर, ककूनचा नंबर आणि स्टेज पेन्सिलने लिहा, मिथेनॉल सांडलं की पेनची शाई पुसली जाते.